सातव्या खंडाच्या जागी

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. कुणी हिणवायला ठेवलेले हे नाव नव्हे, मी खरोखरच ठोकळा आहे. दीड वीत उंच, तीन बोटे जाड, अंगावर पॉलिशचा जुना हात आणि पुढच्या बाजूला पत्र्याची एक लहानशी चौकट. त्या चौकटीत चिठ्ठी सरकवलेली असते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर अहवालांची खोली आहे, तिथे खिडकीपासून दुसऱ्या कपाटात, चौथ्या फळीवर मी उभा असतो. माझ्या डाव्या हाताला सहावा खंड, उजव्या हाताला आठवा. ठोकळ्याला हात कुठले, असे विचारू नका. इतकी वर्षे पुस्तकांत काढल्यावर बोलायची अशी सवय लागते.

मधली ही जागा सातव्या खंडाची आहे. मी तिथे फक्त उभा आहे.

माझा जन्म एका मोडक्या टेबलातून झाला. जुने ग्रंथपाल फार शिस्तीचे होते. पुस्तक जागेवरून हलले की तिथे नुसते भोक पडलेले त्यांना खपत नसे. ‘वाचक इतक्या लांबून शोधत येतो, आणि त्याला काय दाखवायचं? भोक?’ असे ते म्हणत. म्हणून त्यांनी सुताराला बोलावले आणि टेबलाच्या फळ्यांतून आम्हा चाळीस भावंडांना कापून घेतले. सुतार सज्जन होता, पण त्याला राहवले नाही. “साहेब, आत काहीच नाही, मग लोक वाचणार काय?” त्याने विचारले. “चिठ्ठी,” साहेब म्हणाले. सुताराने मान डोलावली आणि मला पॉलिशचा आणखी एक हात दिला. बहुधा त्याला माझी दया आली असावी.

आमचे काम सोपे होते. पुस्तक बाहेर गेले की त्याच्या जागी आमच्यापैकी एकजण उभा राहायचा, आणि चिठ्ठीवर लिहिलेले असायचे : ‘वाचनकक्षात’, ‘प्राध्यापकांकडे’ किंवा ‘बांधणीस’. खाली तारीख. पुस्तक परत आले की आम्हाला उचलून पेटीत ठेवायचे. म्हणजे बघा, ज्याच्यासाठी आम्ही जागा राखायची, त्याची आणि आमची गाठ कधी पडत नाही. ते आले की आम्ही गेलो. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ओझरते दर्शन झाले तर झाले. पण आमच्या कामात मान होता. साहेब नव्या विद्यार्थ्यांना वर आणून सांगत, “पुस्तक नसेल तर हा ठोकळा बघा. हा कधी खोटं बोलत नाही.” ते वाक्य ऐकले की लाकूड असूनही माझी छाती फुगत असे. थंडीत नाही, पावसाळी हवेत जरा जास्तच.

मग एका सकाळी बाइंडर आला. आमच्या फळीवर कारखान्यांच्या तपासणीचे अहवाल असतात, दर वर्षाचा एक खंड. त्यांतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या खंडाची शिवण सुटली होती. तिन्ही अंगाने किरकोळ. ग्रंथालयाने कागदावर लिहून दिले होते : ‘पातळ खंड जोडीने बांधावेत.’ शिपाईकाकांनी सातवा खंड काढला आणि मला आत सरकवले. तेवढ्यात मी त्याला पाहिले. पुठ्ठा गेलेला, पहिले पान कोपऱ्यात फाटलेले, आणि पानांच्या कडा चहासारख्या पिवळ्या. खरे सांगतो, इतक्या पुस्तकांच्या जागी उभा राहिलो, पण अशी माया कुणाविषयी वाटली नव्हती. कदाचित तो इतका उघडा पडला होता म्हणून असेल. मी मनात म्हटले, जा बाबा, बरा होऊन ये, तुझी जागा मी सांभाळतो.

महिन्याभराने बाइंडर परतला. तिसरा खंड आला, चौथा आला. चौथा चांगला गुबगुबीत होऊन आला होता. मला वाटले, नवा पुठ्ठा, नवे कापड, माणूससुद्धा नव्या कोटात जाड दिसतो. माझी दोन भावंडे उचलली गेली. सातवा मात्र आला नाही. खाली बाइंडर आणि साहेब यांची चांगलीच जुंपली, ती वरपर्यंत ऐकू येत होती. बाइंडर म्हणे, “तीन नेले, तीन दिले.” साहेब म्हणत, “मला दोनच दिसतायत, तिसरा काय हवेत बांधलास?” बाइंडर मानी होता. त्या दिवसापासून त्याने ग्रंथालयाची पायरी चढणे बंद केले. पुढे साहेब निवृत्त झाले आणि मी ‘बांधणीस’ म्हणत तिथेच राहिलो.

दिवस जातात तसे गेले. ग्रंथालयात संगणक आला. एक कर्मचारी कपाटाकपाटांतून फिरत माहिती भरत होता. माझ्यापुढे येऊन त्याने चिठ्ठी वाचली आणि टिपून घेतले : खंड सातवा, बांधणीस. मग आमची गरज उरली नाही. माझी भावंडे पेटीतून निघाली आणि नशीब नेईल तिकडे गेली. एकजण दाराला अडसर झाला, दोघे डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेले, एकावर शिपाईकाका चहाचा कप ठेवतात. मला कुणी हलवले नाही, कारण माझे पुस्तक परत आले नव्हते. मला माझ्या नशिबाचा हेवा करावा की कीव, हेच कळत नव्हते. रोज जिन्यावर पावले वाजली की वाटे, आणले असेल. पावले दुसऱ्या कपाटाकडे वळत.

अकरा वर्षे अशी गेली. त्या काळात सोळाजण सातवा खंड शोधत आले. मी मोजले आहेत. सोळाच्या सोळा माझी चिठ्ठी वाचून ‘अरेरे’ म्हणाले आणि परत गेले. त्यातले काही खाली संगणकावर खात्री करून घेत. तोही तेच सांगे. सांगणारच! त्याने ते माझ्याकडूनच तर ऐकले होते.

सतरावी आली ती मुलगी.

अहवालांच्या खोलीत शाईचे पेन न्यायची मनाई आहे, म्हणून ती एक पेन्सिल हातात आणि एक केसांत खोचून येत असे. शिपाईकाकांनी तिचे नाव पेन्सिलवाली ठेवले. शेवटच्या वर्षाला होती आणि बटणांच्या कारखान्यातल्या कामगार बायकांवर प्रबंध लिहीत होती. पहिल्या दिवशी सध्याच्या ग्रंथपाल मॅडम तिच्याबरोबर वर आल्या. मॅडमचा आवाज हळू, पण कान तिखट.

“हे तुला कुठे सापडलं?” मॅडमनी विचारले.

“एका पुस्तकाच्या तळटीपेत. कारखाना तपासणी अहवाल, खंड सात, पान एकसष्ट. इंटरनेटवर पण तेच दिलंय, तीन ठिकाणी.”

“ती तीन ठिकाणं त्याच पुस्तकावरून उतरवलेली नाहीत ना? बघ बरं. दहा जण एकाचंच ऐकून बोलले तर साक्षीदार एकच.”

मुलीने वहीत पाहिले आणि जीभ चावली. तिन्हींत छपाईची एकच चूक होती. मीही मनातल्या मनात जीभ चावली. संगणकाचा विषय मला नको होता.

मग तिने मला बाहेर काढले. ‘बांधणीस’ वाचले आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटले, झाले, सतरा. पण ती गेली नाही. तिथेच जमिनीवर बसली आणि मॅडमना सगळे सांगू लागली. ते ऐकून मला कळले की तिला नुसता दाखला नको होता.

तिची आत्या तरुणपणी त्या बटणांच्या कारखान्यात होती. शिंपले घासून बटणे करायची, आणि ती धूळ दिवसभर नाकातोंडात. एके दिवशी तपासणीला डॉक्टर आले. सगळ्या बायका खाली मान घालून उभ्या. आत्याने पुढे होऊन काहीतरी सांगितले. पुढच्याच आठवड्यात तिला कामावरून काढले. घरचे म्हणाले, कुणी सांगितले होते पुढे पुढे करायला? तेव्हापासून घरात ती भांडकुदळ ठरली. वर्षे गेली तसे सगळे असेही म्हणू लागले की ही राईचा पर्वत करते, इतके काही ही बोललीच नसेल.

“आत्या म्हणते, डॉक्टरांच्या हातात पेन होतं,” मुलगी म्हणाली. “पण ते लिहीत होते की नुसतं धरून बसले होते, ते तिला दिसलं नाही. चाळीस वर्षं तिला तेवढंच कळून घ्यायचंय.”

“आणि तुला?”

“सर म्हणतात, पंचवीस तारखेपर्यंत लेखी आधार आण, नाहीतर ते प्रकरण गाळ. मग मी सरळ त्या पुस्तकाच्या तळटीपेवरून खंड सातचा दाखला देऊन टाकू का? कोण बघतंय?”

मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. साडीला धूळ लागेल याची त्यांनी पर्वा केली नाही. “जे पान तू पाहिलं नाहीस, ते पाहिलं असं लिहायचं नाही. दाखला सरांसाठी नसतो गं. तुझ्यानंतर कुणी शोधत येईल, त्याला तुझ्या पावलावर पाऊल टाकून तिथे पोचता यावं, म्हणून असतो. तू पोचलीच नसशील तर तो कुठे जाणार?” मग उठत म्हणाल्या, “पुस्तक नसलं तर शेजाऱ्यांना विचारायचं. शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं.”

मुलीने शेजाऱ्यांना विचारले. आधी सहावा उघडला, त्यात काही नव्हते. मग आठवा. दोन दिवस ती खिडकीजवळच्या टेबलावर एकेक पान उलटत होती. तिसऱ्या दिवशी तिने पेन्सिल खाली ठेवली. आठव्यात एक ओळ होती : ‘बटण कारखान्यातील खोकल्याच्या तक्रारींविषयी गेल्या वर्षीचा अहवाल पाहावा.’ म्हणजे तक्रारी झाल्या होत्या, आणि कुणीतरी लिहून घेतल्या होत्या. कुणाच्या, ते मात्र सातव्यालाच ठाऊक.

तेव्हा ती परत माझ्याकडे आली. सोळाजणांनी जे केले नाही ते तिने केले. चिठ्ठीवरची तारीख वाचली.

“काका,” तिने शिपाईकाकांना हाक मारली, “अकरा वर्षं बांधणीला? कापड विणायला घेतलं होतं का?”

काका हसले, मग ओशाळले. त्यांनी बाइंडरच्या भांडणाची हकीकत सांगितली आणि त्याच्या घराचा पत्ताही. मला, मित्रांनो, त्या क्षणी फार लाज वाटली. ‘हा कधी खोटं बोलत नाही,’ या एका वाक्यावर मी जगत होतो. मी खोटे बोललो नव्हतो. पण अकरा वर्षांपूर्वीचे खरे आजचे म्हणून सांगत उभा होतो, आणि सोळा माणसे माझ्यावर विश्वास ठेवून रिकाम्या हाताने गेली होती.

चोवीस तारखेला दुपारी ती जिना धावतच चढली. मागे मॅडम, त्यांच्या मागे काका. “बाइंडर आजोबा भेटले,” ती धापा टाकत सांगू लागली. “आधी दारातच म्हणाले, ग्रंथालयाकडून आली असशील तर आल्या पावली परत जा. मग पाणी दिलं. म्हणाले, तीन नेले, तीन दिले, मरेपर्यंत हेच सांगेन. मी म्हटलं, आजोबा, भांडायला नाही आले, तुम्ही बांधता कसे ते दाखवा. तर त्यांनी दोन वह्या घेतल्या, टेबलावर आपटून कडा जुळवल्या. म्हणाले, जोडी लावायची म्हणजे उंची बघायची. उंची सारखी नसेल तर कापताना एकीची अक्षरं जातात.”

मॅडम फळीवरच्या खंडांकडे वळल्या.

मुलीने तळहात आडवा धरला आणि खंडांच्या डोक्यावरून सरकवत नेला. पहिला, दुसरा. तिसरा बोटभर उंच. चौथा. तो तिसऱ्याहून बुटका, म्हणजे त्या दोघांची जोडी नव्हे. ती थांबली. चौथ्याला तिने बाहेर काढले आणि मागच्या बाजूने उघडले.

कोपऱ्यात फाटलेले ते पहिले पान मी लगेच ओळखले.

अंकाने पाहिले तर तिसऱ्याची जोडी चौथ्याशी लागायला हवी होती. बाइंडरने उंचीने जोडी लावली होती, चौथ्याला सातवा. आणि पाठीवर जोडीतल्या पुढच्याचा, म्हणजे चौथ्याचाच अंक घातला होता. साहेबांनी पुठ्ठे मोजले होते, पाने उलटली नव्हती. माझा सातवा अकरा वर्षे माझ्यापासून दोन खंडांच्या पलीकडे उभा होता. मधे फक्त पाचवा आणि सहावा. मी जिन्याकडे कान लावून बसलो होतो, आणि तो त्याच फळीवर, परक्या नावाच्या पुठ्ठ्यात. मला रडता येत असते तर मी रडलो असतो. लाकूड नुसते तडकते. त्या दिवशी माझ्या पाठीला एक बारीक चीर गेली, ती अजून आहे.

मुलीने पान एकसष्ट काढले. वाचले, आणि तोंडावर हात धरला. मॅडमनी विचारले तरी तिने काही सांगितले नाही. एवढेच म्हणाली, “मॅडम, उद्या आत्याला आणू? हे बाहेर नेता येत नाही ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या आली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तिची खोकल्याची उबळ ऐकू येत होती. काका खुर्ची घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत गेले. आत्या बारीक चणीची, पण नजर अशी की भांडकुदळ हे नाव कुणी का ठेवले असेल ते कळावे. खिडकीजवळ ती बसली. मुलीने खंड मागून उघडला आणि हळू आवाजात वाचले :

‘एका तरुण कामगार स्त्रीने पुढे येऊन विचारले : सुटताना आमच्या पिशव्या तपासता, एखादं बटण तर नेत नाही ना म्हणून. आम्ही छातीत भरून काय नेतो, ते कधी तपासणार? या प्रश्नाला व्यवस्थापकांनी उत्तर दिले नाही.’



“म्हणजे लिहीत होता,” आत्या म्हणाली.

“आत्या, नाव नाही लिहिलेलं तुझं.”

“नावाचं काय घेऊन बसलीस. लिहीत होता गं तो.” तिने चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली. बराच वेळ पुसत होती. “परत वाच.”

मुलीने परत वाचले. मग आत्या म्हणाली, “तुझ्या बाबाला आण एकदा इथे. त्याला हे ऐकू दे.” आणि मुलीचे प्रकरण गाळले गेले नाही. त्याच संध्याकाळी ते सरांच्या टेबलावर गेले. तळटीपेत तिने लिहिले : खंड सातवा, पान एकसष्ट, चौथ्या खंडाच्या पुठ्ठ्यात मागे बांधलेला. शेवटचे पाच शब्द कुणी मागितले नव्हते. पण पुढच्या माणसासाठी ते हवे होते.

आता माझे सांगतो. मला वाटत होते की माझी सुटका झाली. सातवा आपल्या जागी येईल, मला उचलतील, मग मी दाराला अडसर झालो तरी चालेल. काकांनी हातही पुढे केला होता. पण मॅडमनी चौथ्याची शिवण बोटाने चाचपून पाहिली आणि मान हलवली. कागद जुना झाला होता. आता सोडवायला गेले तर चुरा व्हायचा. “राहू दे दोघांना तसंच,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या चौकटीतली जुनी चिठ्ठी काढली आणि नवी सरकवली : ‘खंड सातवा हरवलेला नाही. चौथा खंड मागून उघडा.’ खाली त्या दिवसाची तारीख घातली. संगणकातही तसे लिहिले.

म्हणजे मी इथेच, कायमचा. माझ्याकडे आता बरेच विद्यार्थी येतात. माझी चिठ्ठी वाचतात, मला जागेवर ठेवतात आणि दोन खंड ओलांडून त्याच्याकडे जातात. त्याला घेऊन खिडकीशी बसतात. मी तिथवर जाऊ शकत नाही. तो त्याच्या जागी येऊ शकत नाही. ज्याची वाट पाहायची तो सापडल्यावरही वाट पाहणे संपत नाही, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी काही शोधत एखाद्या ग्रंथालयात जाल. पुस्तक काढलेत तर जिथून काढले तिथेच ठेवा, आणि कुठे ठेवायचे ते आठवत नसेल तर विचारा, लाजू नका. चिठ्ठीवर ‘नाही’ असे लिहिले असेल तर चिठ्ठी कधीची आहे ते बघा. आणि कधी आमच्या खोलीत आलात, चौथा खंड मागून उघडलात, तर माझे एक काम करा. ग्रंथालयात मोठ्याने वाचायचे नसते, हा नियम मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. तरीही एखादे पान जरा ओठ हलवून वाचा. मला इथून ऐकू येते.